नऊ नंबरचा तुकडा

आमच्या 'इंद्रलोक' इमारतीवर जागोजागी वर्षभर प्लायवूडचे तुकडे लटकत होते. वीतभर लांब, तेवढेच रुंद, वर भोक पाडून सुतळीने बांधलेले आणि प्रत्येकावर लाल रंगात नंबर. एक नंबर पहिल्या मजल्यावरच्या शहाभाईंच्या ग्रिलला, सात नंबर गच्चीवर टाकीखाली आणि चार नंबर आमच्या बेडरूमच्या खिडकीला. इंद्रलोकमध्ये नवीन येणारा माणूस आधी या तुकड्यांकडे बघायचा आणि मग वॉचमनला विचारायचा, "इथे काही बाधाबिधा आहे का?"

बाधा होती. तिचं नाव खानोलकरकाका.

एका रविवारी सकाळी त्यांनी बेल वाजवली, सरळ बेडरूममध्ये जाऊन खिडकी उघडली आणि नाक बाहेर काढून दोन मोठे श्वास घेतले. "तुमच्याकडे मिठागराचा वारा थेट येतो," ते खूश होऊन म्हणाले. हा वारा आमच्या खिडकीचे गज, बिजागऱ्या आणि बायकोची शिलाई मशीन खाऊन बसला होता, त्यामुळे त्यात खूश होण्यासारखं काय ते मला कळेना. तोवर काकांनी चार नंबर गजाला बांधलासुद्धा. "रोज सकाळी बघायचं. फुगला का, सोलतोय का, भेग गेली का. आणि त्यावर काही वाळत घालायचं नाही." शेवटचं वाक्य बायकोकडे बघून होतं. तिने आठवड्याभरातच त्यावर आमसुलं वाळत घातली आणि काकांनी ती जिन्यात सगळ्यांसमोर परत केली.

काका पंख्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. तेहतीस वर्षं पंखे समोरून सरकत जायचे आणि काका त्यांवर 'पास' किंवा 'नापास' असा शिक्का मारायचे. निवृत्तीनंतर पंखे थांबले, काका थांबले नाहीत. "आधी तुकडा, मग गाडा" हे त्यांचं ब्रीदवाक्य. कलिंगडवाल्याने कापलेली फोड खाऊन काका "दुसऱ्या बाजूचीही दे" म्हणत. आमच्या हॉलला रंग काढायचा होता, तेव्हा त्यांनी पेंटरला बसवून भिंतीवर सात छटांचे सात पट्टे मारून घेतले आणि आठ दिवस ते सकाळ, दुपार, संध्याकाळ येऊन बघितले. पेंटर पळून गेला. ते पट्टे अजून आमच्या कपाटामागे आहेत.

आता गाडा म्हणजे काय ते सांगतो. कंपाउंडमध्ये जनरेटरच्या खोलीशेजारी काकांची जुनी जीप उभी असे आणि तिच्यामागे दोन चाकांवर काकांनी स्वतः बांधलेली प्लायवूडची खोली. आत दोन माणसांचं बिछान्याचं फळकूट, एक शेगडी, एक खिडकी, कप ठेवायला खाच. जीपला जोडायची, वाटेल तिथे न्यायची आणि आत झोपायचं. काका तिला नुसतं 'गाडा' म्हणत. बाकी सगळे 'टपरी' म्हणत. रस्त्यावरून जाणाऱ्या एका गृहस्थाने तर आत डोकावून "दोन कटिंग" अशी ऑर्डरही दिली होती. काकांनी त्याला बसवून सांध्यांच्या फटी बुजवायला भरलेला लांबी-मसाला दाखवला. तो चहा न पिताच गेला.

गाडा बांधायला काकांना चार महिने लागले. मग बाहेरून काय लावायचं यावर घोडं अडलं. प्लायवूड उघडं ठेवलं तर एका पावसात त्याचा पापड होणार, हे कोणीही सांगेल. रंग काढा आणि मोकळे व्हा, हेही कोणीही सांगेल. काकांनी आठ तुकडे केले. एकाला साधा ऑइलपेंट, दुसऱ्याला डांबर, तिसऱ्याला अॅल्युमिनियमचा पत्रा, चौथ्याला काचेची जाळी आणि त्यावर चिकट रसायन ओतून होणारं ते फायबर, पाचव्याला ट्रकच्या पोटाला मारतात तो काळा रबरी थर. पुढचे नंबर मलाही आता आठवत नाहीत, पण सहा नंबर इंद्रलोकमध्ये कोणीच विसरलेलं नाही.

सहा नंबरचा सल्ला पांडू नाखव्याचा. हा जुन्या भाईंदरचा होडीवाला. समुद्रात जाणं त्याने सोडलं होतं, पण आठवड्यातून दोनदा मासळी घेऊन आमच्याकडे यायचा आणि काका मासळी घ्यायच्या निमित्ताने त्याची परीक्षा घ्यायचे.

"होडीला काय लावता रे तुम्ही?"

"मुशीचा तेल. वास हाय, पन लाकूड मरत न्हाय."

काकांना एवढंच पुरे झालं. त्यांनी सहा नंबरला मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल पाजलं. तुकडा पाजला तो पाजला, उत्साहाच्या भरात गाड्याचं मागचं दारही पाजलं. 'आधी तुकडा, मग गाडा' हा नियम काकांनी मोडला तो हा एकदाच. दुपारपर्यंत कंपाउंडमध्ये अकरा मांजरं जमली. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाई नाकाला रुमाल लावून खाली आले. त्यांच्या घरी कांदासुद्धा येत नाही.

"खानोलकरसाहेब, ये क्या लगाया? मम्मी सुबह से जेवली नाही!"

"शहाभाई, टेस्टिंग चालू है. तीन महिने में वास जाएगा."

"तीन महिने? साहेब, तीन महिने में मम्मी जाएगी!"

शेवटी दार काढून गच्चीवर नेलं. मांजरंही गच्चीवर गेली. शहाभाई माणूस भला, पण कमिटीपुढे त्यांचं काही चालेना. मे महिन्यात नोटीस लागली: पावसाच्या आत गाडा रंगवून घ्यावा, नाहीतर कंपाउंडमधून हलवावा. भिजलेलं प्लायवूड कंपाउंडमध्ये कुजू द्यायला कमिटी तयार नव्हती.

आम्ही सगळे निर्धास्त होतो, कारण तोवर निकाल लागल्यातच जमा होता. डांबर उन्हात ओघळलं होतं, ऑइलपेंटचे पोपडे आले होते. आणि माझा चार नंबर? एक पावसाळा, एक उन्हाळा, वर्षभराचा खारा वारा आणि आमसुलं, एवढं सोसून तो काल केल्यासारखा चकचकीत होता. मुलाच्या दहावीच्या निकालाला जावं तसा मी तुकडा सोडवून तिसऱ्या मजल्यावर काकांकडे गेलो.

त्यांच्या घराविषयी एक सांगायचं राहिलं. या घरात सगळं उंचावर. तांदळाचा डबा कपाटावर, चपला खुंटीवर, गादीच्या गुंडाळ्या माळ्यावर. पोहे करायचे तर काकू स्टुलावर चढणार. मला वाटे, हेही काकांचंच काहीतरी टेस्टिंग.

काका गॅलरीत होते. त्यांनी चार नंबर दोन विटांवर आडवा ठेवला, कुंड्यांना पाणी घालायची झारी घेतली आणि उंचावरून त्यावर धार धरली. मग मान वाकडी करून कान लावला. हे मी पूर्वीही पाहिलं होतं. पाणी आत झिरपतंय का ते ऐकत असतील, असं मी समजून चाललो होतो. टपटप, टपटप आवाज झाला. काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, झारी खाली ठेवली आणि वहीत लिहिलं: 'चार. नापास. वाजतो.'

माझं डोकंच फिरलं. "वाजतो? काका, हा गाडा आहे की तबला? नोटीस लागलीय. ढग आले की तुमची चार महिन्यांची मेहनत लगद्यात जाणार. आणि तुम्ही आवाज कसला बघताय?"

काकांनी नुसती स्वयंपाकघराकडे मान केली. काकू स्टुलावर उभ्या होत्या. ओट्यावरचा कणकेचा डबा त्यांनी कपाटावर ठेवला, मग मिठाची बरणी, मग तेलाची किटली. घाई नाही, गोंधळ नाही, रोजचं काम असावं तसं. सगळं वर गेल्यावर त्या खाली उतरल्या आणि मला म्हणाल्या, "कधी आलात? चहा टाकते." मग साखरेसाठी पुन्हा स्टुलावर चढल्या.

जिन्यात मला सोडायला आलेल्या काकांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वीच्या त्या महापुराच्या जुलैत ते खाडीकाठच्या खारी वस्तीत, एका बैठ्या चाळीत राहत होते. काका कारखान्यात अडकलेले. घरात पाणी शिरलं आणि काकू एकट्या ओट्यावर उभ्या राहिल्या, सात तास, वर छपराचा पत्रा तडतडत होता. पाणी उतरलं, ते लोक इथे तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. पण पाऊस कशावर वाजला की काकूंचे हात आपोआप सामान वर ठेवायला लागतात. रात्र असली तर झोप नाही.

"डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या," काका म्हणाले. "इथे मी खिडक्यांवरचे पत्रे काढून टाकले. पण हिचं माहेर कणकवलीकडे. भावाच्या घरावर सिमेंटचे पत्रे आहेत. भादव्यात काय पाऊस असतो माहितीये ना? दोन वर्षं गौरीला ही गेली नाही. आई शहाऐंशी वर्षांची आहे. विचारते, माझी माहेरवाशीण कुठेय म्हणून. ही फोनवर सांगते, ह्यांना सुट्टी नाही." काका जरा हसले. "मी रिटायर होऊन दीड वर्ष झालं."

म्हणजे गाडा भावाच्या अंगणात उभा करायचा आणि काकूंनी रात्री त्यात झोपायचं. मला तबल्याचा विनोद आठवला आणि मान वर करवेना. वर्षभर मी चार नंबरला रोज बघत होतो, आणि काकूंना पोह्यांसाठी स्टुलावर चढताना बघून नुसता हसत होतो.

दुसऱ्या दिवशी पांडू नाखवा आला, तेव्हा काकांच्या आधी मीच त्याला गाठला. आवाज न करणारं काही आहे का?

पांडूने टोपली खाली ठेवली आणि गाड्यावर दोनदा टिचकी मारली. "पत्रा बोलतो. फायबर बोलतो. शिडाचा कापड बोलत न्हाय. खाली गोधडी घाल, वर शीड तान, आनि पेंटचं चार हात मार. पानी आत जाईल तर मना सांग."

त्यातून नऊ नंबर तयार झाला. त्या वर्षी पाऊस लांबला, तो बहुतेक काकांच्या धाकाने. शहाभाईंनी कमिटीकडून पंधरा दिवस मागून घेतले आणि मम्मींनी दोन जुन्या गोधड्या खाली पाठवल्या. पांडूने शीड आणलं, मी आणि काकांनी ताणून खिळे मारले. रंग सगळ्यांनी मिळून दिला. रंग पांढरा. तो कोणता पांढरा, याचे काकांनी तीनच तुकडे केले.

जूनमधल्या एका रविवारी दुपारी गाड्याची परीक्षा ठरली. काकू आत तांदूळ निवडत बसल्या. काकांनी तांदळाचा डबा त्यांच्या पायाशी खाली ठेवला, वर एक फळी मोकळी ठेवली आणि दाराजवळ वही घेऊन बसले. मला स्टुलावर चढवलं आणि हातात झारी दिली. मी गाड्याच्या टपावर पाणी ओतलं. एक झारी, दोन झाऱ्या, पाच. शहाभाई खालून भरून देत होते. माझे हात भरून आले. काका डब्याकडे बघत होते. डबा जागचा हलला नाही.

थोड्या वेळाने काकूंनी दारातून डोकं बाहेर काढलं. "अहो, पाऊस पाडणार होतात ना? मी केव्हाची बसलेय."

टपावरून पाणी ओघळून काकूंच्या समोर ठिबकत होतं. त्यांनी ते पाहिलं, तळहात पुढे करून त्यावर झेललं आणि तशाच उभ्या राहिल्या. मग आत जाऊन पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

काकांनी वही उघडली. 'नऊ' लिहिलं. पुढचा शब्द लिहायला त्यांना वेळ लागला. पेन्सिल दोनदा कागदावर टेकवून त्यांनी उचलली. तेहतीस वर्षं हजारो पंख्यांवर शिक्के मारणाऱ्या माणसाला 'पास' ही दोन अक्षरं जमेनात. शेवटी वही मिटून त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाने पुसत मला म्हणाले, "आणखी एक झारी ओता."

"अहो काका, झाली ना परीक्षा! काहीसुद्धा ऐकू येत नाहीये."

"हो," काका म्हणाले. "तेच जरा ऐकू द्या."

मी झारी शहाभाईंकडे दिली. त्यांनी ती काठोकाठ भरून आणली.