शाई वाळेपर्यंत

माझ्या कर्जाचे हप्ते मी चार महिने दुसऱ्याच्या पगारातून कापले. वर कापताना त्या माणसाची कीवही केली.

तो माणूस म्हणजे सप्रे. मार्केट यार्डाजवळच्या आमच्या मसाल्याच्या कंपनीत ते गोदाम सांभाळतात आणि मी पगार काढतो. सप्रे टाचणीसुद्धा नोंद केल्याशिवाय देत नाहीत. त्यांचं पेन खिशाला दोऱ्याने बांधलेलं असतं. कुणी मागितलंच, तर त्याने दोरा पुरेल तेवढ्या अंतरात उभं राहून लिहायचं. पण कर्जाला जामीन राहा म्हणा, हा माणूस कुणालाच नाही म्हणत नाही. अट एकच. "फॉर्म ऑफिसात नाही. रविवारी सकाळी साडेनऊला घरी घेऊन या."

सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर ते एकटे राहतात. कंपनीत ठेकेदाराच्या हजेरीवर असताना मीही पतसंस्थेचा फॉर्म घेऊन तिथे गेलो होतो. आधी पोहे. मग हात धुणं. मग अख्खा फॉर्म मोठ्याने वाचणं, तळाशी छापखान्याचं नाव असतं तेसुद्धा. मग सही आणि सहीखाली दोन टिंबं. मी उठलो तर म्हणाले, "बसा हो, शाई वाळू दे."

पेन बॉलपेन होतं. तरी शाई वाळायला दोन कप चहा लागला.

पुढे मी कायम झालो, खोली बदलली, बँक बदलली. हप्ता जुन्या खात्यातून आपोआप जातो अशी माझी समजूत. त्या खात्यात पैसे कोण भरतंय, हा प्रश्न मला पडलाच नाही. पतसंस्थेला मी सापडेना, जामीनदार सापडला. आणि एक दिवस माझ्याच टेबलावर सहकार न्यायालयाचा हुकूम येऊन पडला: श्री. सप्रे, जामीनदार, यांच्या पगारातून दरमहा अमुक रक्कम कापावी. कर्जदाराचं नाव मागच्या पानावर होतं. मी पान उलटलं नाही. रक्कम पहिल्याच पानावर मिळाली होती, उलटायचं कशाला?

पगाराच्या संध्याकाळी मी सप्र्यांची पगाराची चिठ्ठी घेऊन त्यांच्या घरी गेलो. मोबाइलवरच्या चिठ्ठीवर त्यांचा विश्वास नाही. शिवाय माणूस खचू नये, एवढी माणुसकी माझ्यात आहे.

"सप्रेसाहेब, कुठल्या गाढवाला जामीन राहिलात?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "आहे एक. ओळखीचं."

"तोंडावर विचारा की त्याला! निर्लज्ज दिसतोय."

"निर्लज्ज नाही हो. बावळट आहे." आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.

दुसऱ्या महिन्यात मी चकल्या नेल्या. तिसऱ्या महिन्यात त्या गाढवावर फौजदारी कशी करता येईल, ते तासभर समजावलं. सप्रे मन लावून ऐकत होते, मधूनच "हे नोंदवून ठेवा" म्हणत होते. चौथ्या महिन्यात कळलं, की डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी पुढे ढकललंय. "घाई काय? उजवा आहे ना." त्या दिवशी मी गाढवाला आईवरून शिवी दिली. सप्रे एकदम म्हणाले, "आईला मध्ये आणू नका. ती बिचारी चांगली असेल."

मग हिशेब तपासणी आली. आमच्या हिशेब विभागाच्या देशमुखबाईंनी फाइल काढली, पान उलटलं, चष्मा वर केला. "अहो, हे तुम्हीच ना?"

मी ते नाव तीन वेळा वाचलं. आधी वाटलं, पतसंस्थेची चूक. मग वाटलं, कोर्टाची. नंतर चूक करणारं कुणी शिल्लक राहिलं नाही.

संध्याकाळी सदाशिव पेठ गाठली. चार महिन्यांचे पैसे त्यांच्यासमोर ठेवले. उरलेलं कर्ज त्याच दिवशी पतसंस्थेत भरून आलो होतो, बायकोच्या मोडलेल्या ठेवीतून. तिचं म्हणणं इथे लिहिण्यासारखं नाही.

"अहो, बोलला का नाहीत?"

"पहिल्या महिन्यात सांगणारच होतो. पण तुम्ही माझ्या दुःखात इतके बुडाला होतात."

"आणि दुसऱ्या?"

"दुसऱ्या महिन्यात तुम्ही चकल्या आणल्या होत्या." पैसे त्यांनी मोजले नाहीत. सप्र्यांनी काहीतरी न मोजता घेतलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. "सही झाली की माणूस परत जिना चढत नाही हो. तुम्ही चार वेळा चढलात."

पुढच्या पगाराला कपात नव्हती, हुकूम नव्हता, चिठ्ठी पोचवायचं निमित्त नव्हतं. सप्रे ऑपरेशनच्या रजेवर होते आणि पूर्ण पगार खात्यात जमा झाला होता. तरी संध्याकाळी मी तिसऱ्या मजल्यावर उभा होतो. का, ते मलाही नीट सांगता येत नव्हतं.

काळा चष्मा लावलेल्या सप्र्यांनी दार उघडून हात पुढे केला. "फॉर्म?"

"नाही. सहज आलो."

"सही नकोय?"

"नकोय."

ते तसेच दारात उभे राहिले. पुढे काय करायचं असतं, हे त्यांना माहीत नसावं. मलाही नव्हतं. तेवढ्यात मला ओट्यावर मांडून ठेवलेले दोन कप दिसले.

"मी येणार हे कसं ठाऊक?"

"हप्ता सोडला तर तुम्ही कशातच चुकत नाही," सप्रे आत वळत म्हणाले. "गाढव आहात, पण वक्तशीर."