सासऱ्यांच्या फोटोतलं विमान

"नुसती शेपटी दाखवा, अख्खी कुंडली मांडतो!" असं जावईबापू चारचौघांत छातीठोकपणे सांगायचे.

त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचे आणि गिऱ्हाईक नसलं की विमानं ओळखायची. साधीसुधी नव्हेत! जी जन्मात एकदाच उडाली, किंवा उडायच्या आधीच भंगारात गेली, अशी. जगभरातले असेच रिकामटेकडे मोबाइलवरच्या एका गटात जमायचे. कुणी धूसर फोटो टाकायचा, कधी नुसतं चाक, कधी मोडक्या क्षेपणास्त्राचा पंख, आणि बाकीच्यांनी डोकं खाजवायचं. जावईबापूंचं उत्तर बहुतेक वेळा पहिलं यायचं. नुसत्या खाचेवरून क्षेपणास्त्राचा जन्मदाखला सांगणारे हे गृहस्थ बाजारात स्वतःच्या आतेसासूबाईंना न ओळखता पुढे निघून गेले होते, पण ते सोडा.

सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती. सासऱ्यांच्या दिवाणखान्यात त्यांचा तरुणपणीचा एक फोटो होता. मागे विमान आणि पुढे सासरे, केसांचा कोंबडा काढून, कमरेवर हात ठेवून. विमान कुठलं, हे विचारलं की सासरे म्हणायचे, "असेल कुठलंतरी. आठवत नाही आता."

एवढं ऐकल्यावर जावईबापू गप्प बसतात होय? त्यांनी फोटोचा फोटो काढला आणि तीन आठवडे त्याच्या मागे लागले. जेवताना फोटो, झोपताना फोटो! बायको म्हणाली, "अहो, माझ्या वडिलांकडे इतकं निरखून त्यांच्या आईनंसुद्धा पाहिलं नसेल."

"तुझे वडील कोण बघतंय? शेपटी बघ, शेपटी!"

आणि एका दुपारी दुकानात ते मोठ्यानं ओरडले, "सापडलं!" समोर हनुवटी टेकवून बसलेल्या बाईंना वाटलं, डोळ्यात काहीतरी भयंकर सापडलं. त्या अगदी रडकुंडीला आल्या.

समारंभाच्या संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलं होतं. केकवर सुरी ठेवणार, इतक्यात जावईबापू खुर्चीवर उभे राहिले.

"एक मिनिट! माझ्याकडून एक भेट आहे. बाबांच्या फोटोतलं विमान मी ओळखलंय!"

टाळ्या पडल्या. सासरे कसनुसं हसले. "कशाला उगाच कष्ट घेतलेत..."

"कष्ट कसले! दोन शेपट्या, काचेचं नाक आणि पोटाखाली बदकासारखी होडी. असं विमान जगात एकच झालं, आणि लोकांना दाखवलं तेही एकदाच. समुद्रकाठच्या प्रदर्शनात, बरोबर तुमच्या लग्नाच्या वर्षी, मे महिन्यात. पुढच्याच आठवड्यात ते पाण्यात बुडालं! म्हणजे बाबा त्या मे महिन्यात समुद्रावर होते. शंभर टक्के!"

पुन्हा टाळ्या पडल्या. फक्त सासूबाईंचे हात हवेतच थांबले.

"मे महिन्यात?" त्या म्हणाल्या. "त्या मे महिन्यात हे माझ्या वडिलांना भेटायला यायचे होते. कावीळ होऊन अंथरुणाला खिळलेत, असा निरोप आला होता."

"आई, कावीळ एप्रिलमध्ये असेल," जावईबापू समजुतीच्या सुरात म्हणाले. "विमान खोटं बोलत नाही."

सासरे मटकन खाली बसले. एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि हातातली सुरी हळूच टेबलावर ठेवली.

"कावीळ नव्हती," ते म्हणाले.

"मग काय होतं?"

"आमच्या कचेरीत एक मुलगी होती. तिची समुद्रकाठच्या शाखेत बदली झाली. तिला विचारायला गेलो होतो."

"काय विचारायला?"

"तेच. लग्नाचं."

सासूबाई केक ओलांडून त्यांच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या.

"मग? ती काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

"आणि पुढे?"

"पुढे काय... दुसऱ्या दिवशी माझी कावीळ बरी झाली."

सासूबाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "पन्नास वर्षं! पन्नास वर्षं मी या माणसाला तळलेला घास दिला नाही! काविळीतून उठलेलं शरीर म्हणून! लोक मिटक्या मारत खायचे आणि मी यांच्या ताटातलं उचलून घ्यायचे!"

"मी कधी तक्रार केली का?" सासरे पुटपुटले.

"तोंड होतं का तक्रार करायला?"

त्या आत गेल्या आणि आतून कडी लागली. पाहुण्यांना एकाएकी शेवटच्या बसची आठवण झाली. केक तसाच राहिला. मेहुणा जावईबापूंसमोर येऊन उभा राहिला. "भावजी, घड्याळबिड्याळ द्यायचं होतं ना भेट!"

जावईबापूंच्या कानाच्या पाळ्या पेटल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपलं उत्तर चुकावं असं मनापासून वाटत होतं. त्यांनी भिंतीवरचा फोटो उतरवला, चौकटीच्या मागचे खिळे काढले आणि खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. चौकटीखाली झाकलेली फोटोची वरची कड आता उघडी पडली होती. तिथे एक दांडी होती आणि दांडीवर ओळीनं कड्या होत्या.

"बाबा," ते म्हणाले, "हा पडदा आहे. विमान रंगवलेलं आहे. रंगाऱ्यानं नाक एकाचं घेतलंय, शेपटी दुसऱ्याची."

सासऱ्यांनी फोटो हिसकावून घेतला. "अरे! हा तर आपल्या नाक्यावरचा स्टुडिओ! नोकरी लागली तेव्हा काढला होता. पडद्याच्या एका बाजूला विमान होतं, दुसरीकडे धबधबा. म्हणजे समुद्रावर मी फोटो काढलाच नव्हता?"

"नव्हता."

"मग शंभर टक्के कशाला म्हणालात?"

"मला वाटलं..."

"मलाही वाटलं! इतक्या खात्रीनं बोललात, म्हटलं काढला असेल! पन्नास वर्षांमागचं कुणाला आठवतंय? म्हटलं, पकडलो गेलो, आता लपवण्यात अर्थ नाही!"

जावईबापूंनी भिंग खिशात घातलं. बायको टेबल पुसत होती, आधीच पुसून झालेलं टेबल. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "चला."

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. गटातून जावईबापू बाहेर पडले. कुणाच्या डोळ्यात बघायची त्यांना लाज वाटू लागली, आणि डोळ्यात बघितल्याशिवाय त्यांचा धंदाच होत नव्हता! सासूबाई तिकडे नवऱ्याशी बोलत नव्हत्या. त्यांना मीठ हवंय का, हे मुलीला फोन करून विचारत होत्या. मुलगी वडिलांना फोन करून उत्तर घेत होती. दोघं एकाच टेबलावर बसलेले असायचे.

अखेर एका रविवारी जावईबापू धीर करून माफी मागायला गेले. बायको सोबत होतीच. दार सासूबाईंनी उघडलं. घरभर तळणाचा वास सुटला होता. सासूबाईंची ताटली भरलेली होती. सासऱ्यांच्या पुढ्यात मात्र उकडलेल्या भाज्या होत्या.

"हे काय आई, अजून उकडलेलंच?" बायकोनं विचारलं.

"आधी पथ्य होतं, आता शिक्षा आहे," सासूबाई म्हणाल्या. पण बोलता बोलता त्यांनी आपल्या ताटलीतला एक कुरकुरीत तुकडा सासऱ्यांच्या ताटलीत टाकला, आणि सासऱ्यांनी तो असा उचलला की जणू पदकच मिळालं.

जावईबापू दाराशीच हात जोडून उभे होते. "आई, माझं चुकलं. नको तिथे शहाणपणा केला. ते विमान..."

"विमान चुकलं तुमचं," सासूबाई म्हणाल्या, "पण माणूस बरोबर पकडलात, जावईबापू!"

हे ऐकून जावईबापूंची छाती नकळत जराशी फुगली. शेजारी उभ्या असलेल्या बायकोनं मान वळवून पाहिलं.

जावईबापूंनी छाती लगेच आत घेतली.