खरात सरांचा थेंब

आमच्या कॉलनीत टँकर आला की सगळे घागरी घेऊन धावतात आणि खरात सर काचपट्टी घेऊन. जीवशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखालून एक थेंब गेल्याशिवाय कुणी पाणी भरायचं नाही. "आधी थेंब, मग घागर!"

टँकरवाला सलीम वैतागायचा. "सर, पानी लेना है के नहीं? मला अजून शेंद्र्याला जायचंय."

"जा की! पण किडे इथं कशाला सोडून जातो?"

समोरच्या नव्या टॉवरच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव होता. आमच्या नळाला नुसती हवा यायची. त्यावर सरांचं शास्त्र ऐकावं. "साधं भिंग म्हणजे आपला चेअरमन. सगळं फुगवून दाखवतो, आत काय ते कळत नाय. माझा हा दोन भिंगांचा. थेंबातले जीव जिवंत पोहताना दाखवतो, पण विषाणू त्याला गावत नाय. तिथं इलेक्ट्रॉनवाला पाहिजे. त्याची नजर लई बारीक, पण नमुना कोरडाठाक लागतो. आपलं शहर घाला त्याच्यात, एकदम तयार आहे!"

सरांच्या पत्नी गेल्यापासून पुण्याचा मुलगा त्यांना घेऊन जायला टपलेला. "माझा सूक्ष्मदर्शक चालतोय तोवर मी इथंच," हे सरांचं ठरलेलं उत्तर.

यंदा त्यांना नवीनच खोड लागली. स्वतः एकदा डोकावायचं आणि मला हाक मारायची. "दिलीप, सांग, काय दिसतं?" वाळूजच्या कंपनीत शिफ्ट करून आलेल्या, चाळिशी उलटलेल्या माणसाची तोंडी परीक्षा! माझं डोकं फिरायचं.

परवा मुलगा आलेला. सरांनी त्याच्यादेखत नळीला डोळा लावला. "बघ, पॅरामिशियम कसं मस्तीत पोहतंय!" मग मला खूण केली. मी वाकलो. आत मिट्ट काळोख. खालचा आरसा उजेडाकडं नव्हताच, भिंतीकडं होता.

ती परीक्षा कसली होती, ते तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. मी आरसा हळूच खिडकीकडं वळवला. थेंब उजळला.

"व्हय सर," मी म्हणालो, "पोहतंय."

मुलगा चहा टाकायला आत गेला. मी सरांच्या कानाशी लागलो. "मोतीबिंदू ना? उद्याच डॉक्टरकडं जाऊ. छोटं ऑपरेशन असतं, लख्ख दिसायला लागेल."

"ते मला ठाऊक नाय व्हय?" सर चाचपडत आरशावरची धूळ पुसत म्हणाले. "पण मला दिसायला लागल्यावर तू कशाला येशील?"