सात शून्य आठ शून्यचा मुलुख

आकाशी लहरी आहेत आणि पृथ्वीवर भाऊ आहेत तोवर हे वर्तमान लोकांस ठाऊक असावे, म्हणोन सेवकाने जे पाहिले आणि जे भिंतीपलीकडून ऐकले ते पदरचे काही न घालता लिहिले आहे. चूकभूल जाहली असल्यास ती विजेच्या माथी मारावी.

धाकटे सरकार, हौशी रेडिओचे परवानेदार, लहरमुलुखाचे नामजाद सुभेदार, राहणार तिसरा मजला, यांचे वडील बंधू थोरले सरकार दूर दुसऱ्या शहरी राहत. उभयतां फोनवर बोलत तेव्हा भांडत. एकाचे वाक्य पुरे होण्याआधी दुसऱ्याचे सुरू होई, आणि मग आईच्या कपाटापासोन मुलांच्या लग्नापर्यंत सर्व उकरोन निघे. बिनतारीवर तैसे होत नसे, कारण एकाने "ओव्हर" म्हटल्यावाचून दुसऱ्याने तोंड उघडू नये, ऐसा त्या मुलुखाचा कायदा. सबब दर रविवारी सकाळी उभयतांची भेट लहरींवर होई. रिवाज ऐसा की आधी आपापल्या बिनतारी पेटीवरचा लहरीचा आकडा जाहीर करावा, मग खुशाली पुसावी. आकडा सात शून्य आठ शून्य किलोहर्ट्झ. ही भेट धाकट्या सरकारांस जिवापलीकडे प्यारी होती, परंतु तैसे कबूल करतील तर ते सरकार कसले.

ऐशात एके रविवारी थोरले सरकार आपल्या गुडघ्याची हकीकत सांगत असता पेटी एकाएकी मुकी जाहली. सरकारांनी तीस थाप मारली, ती बोलली. हात काढला, पुन्हा गप्प. तेव्हा खासा स्वारी बाह्या सरसावोन जेवणाच्या मेजावर उतरली. पेटीचे स्क्रू चहाच्या बशीत कैद जाहले, मल्टिमीटर, चिमटे, सोल्डरिंग आयर्न ऐसा सरंजाम चहूंकडे पसरला, आणि बाईसाहेबांनी फर्मान काढले की जेवणाआधी मेज मोकळे न जाहल्यास ज्याने त्याने बाहेर जेवावे. बाईसाहेबांचे फर्मान फिरत नसे. मग सरकारांनी स्वयंपाकघरातील डावाच्या लाकडी दांड्याने आतील एकेक सांधा ठोकोन पाहिला, आणि बहुत ठोकाठोकीअंती एक सांधा सापडला, जो वरून धड दिसे आणि आतून सुटलेला. त्यास ताव देवोन नवे सोल्डर घातले आणि पेटी बोलती जाहली. येथेच थांबते तर ही बखर लिहिण्याचे कारण न पडते.

परंतु फत्ते डोक्यात गेली. पेटी उघडीच आहे तर आकडाही खरा करोन घ्यावा, ऐसी मसलत मनात आली. अचूक वेळेची टिकटिक अहोरात्र ऐकवणारे एक केंद्र आहे, त्याची लहर पक्की, बाकी सर्वांच्या अदमासाच्या. तिच्याशी ताडून पाहता आपली पेटी दीड किलोहर्ट्झ खोटे बोलते, ऐसे उघडकीस आले. सरकारांनी श्वास रोखोन आतील एक लहानगा स्क्रू केसभर फिरवला, आणि पेटी सत्यवचनी जाहली. हा पराक्रम दाखवण्यास बाईसाहेबांस बोलावले. बाईसाहेबांनी मेज पुसावयाचे फडके हाती दिले.

पुढील रविवारी सात शून्य आठ शून्यवर कान दिला, तो लहर जराशी हुकल्याकारणे थोरल्या सरकारांचा आवाज बदकाच्या आवाजासारखा येऊ लागला. तिकडेही तीच गत. त्या कल्लोळातून इतकेच उमगले:

"तू सरकलायस. ओव्हर."

"मी नाही दादा, तू सरकलायस. ओव्हर."

खरे पाहता कसूर उभयतांची. वर्षानुवर्षे धाकट्यांनी आपल्या पेटीचा आकडा थोरल्यांच्या आवाजावरून जुळवावा आणि थोरल्यांनी धाकट्यांच्या. ऐसे एकमेकांस प्रमाण मानता मानता दोन्ही पेट्या जोडीने सत्यापासोन दूर गेल्या, आणि जोडीने गेल्याकारणे कोणास पत्ता लागला नाही.

बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, मग ते बटण फिरवा ना जरासं." त्यावर हुकूम जाहला की आकडा आमचा खरा आहे, आम्ही तसूभर हलणार नाही, थोरल्यांनीच यावे. तिकडोन कोणी आले नाही. त्यापुढील रविवारी लहरींवर नुसती खरखर. सरकार दोन घास कमी जेवले आणि पेटीकडे पाठ करोन बसले.

तेव्हा दोघी जावांनी फोनवर तहाची बोलणी चालवली. थोरल्या वहिनीसाहेबांनी जे कळवले ते येणेप्रमाणे:

"अगं, ह्यांना आता ते आकडे दिसतच नाहीत. बटण चुकून हललं तर परत कोण लावणार, म्हणून मीच वरून चिकटपट्टी लावून ठेवलीये. रविवारी आकडा म्हणतात तो पाठ म्हणतात. भावजींना सांगू नकोस हं, मला ओरडतील हे."

फोन स्पीकरवर होता आणि भावजी समोर होते. वहिनीसाहेबांस हे ठाऊक नव्हते ऐसे म्हणतात, सेवकाचा विश्वास नाही.

सरकारांस वाईट वाटले, बहुत वाईट वाटले. काही वेळाने ते उठले आणि पुन्हा बशी मागितली. बाईसाहेबांनी या खेपेस न सांगता मेज रिकामे करोन दिले, आणि पुसले की बटण फिरवोन भागत असता पेटी का उघडता.

"पेटीवर दिसेल तोच आकडा सांगावा लागतो ना," सरकार म्हणाले. "मी दुसराच आकडा सांगितला, तर दादा ती पट्टी काढायला बसेल."

मग त्याच केंद्राची टिकटिक लावोन, त्याच स्क्रूस उलटे फिरवोन, सरकारांनी पेटी पुरती दीड किलोहर्ट्झ बिघडवली, ना कमी ना जास्त. इतक्या निगुतीने पेटी दुरुस्तही केली नव्हती.

रविवार उजाडला.

"दादा, सात शून्य आठ शून्य. ओव्हर."

"माझ्याकडेही सात शून्य आठ शून्य. डायलवर स्वच्छ दिसतंय. बघ, तूच सरकला होतास. ओव्हर."

धाकट्या सरकारांनी माइकचे बटण दाबले.

"हो दादा. मीच सरकलो होतो. गुडघा कसा आहे? ओव्हर."

येणेप्रमाणे सात शून्य आठ शून्यचा मुलुख पुन्हा हस्तगत होवोन मोहीम फत्ते जाहली, आणि मेज बाईसाहेबांच्या हवाली करण्यात आले. पेटी आजमितीस दीड किलोहर्ट्झ खोटी आहे. थोरले सरकार लहरींवर आहेत तोवर ती कोणी दुरुस्त करू नये, ऐसी सक्त ताकीद आहे.