केल्विनचा न धुतलेला बनियन

"कुत्र्यांचं मला सांगू नकोस, ग्लेनिस!" नेव्ह ट्रँटर म्हणाला, आणि तिथूनच सगळं बिघडायला सुरुवात झाली.

तसं त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. उभी हयात त्यानं कुराबिनच्या माळावर मेंढ्यांमागे काढली होती. त्याचा कुत्रा एका शिट्टीत अख्खा कळप फाटकातून आत घ्यायचा, आणि दुसरी शिट्टी मारली असती तर फाटकही लावून आला असता, असं नेव्ह क्लबात सांगायचा. कुत्र्याबद्दलची त्याची मतं ठाम होती. कुत्र्यानं घराबाहेर झोपावं, पुढ्यात पडेल ते खावं आणि बोलावल्याशिवाय प्रेम करू नये!

पण शेती मुलाच्या हवाली करून दोघं गावात राहायला आली, शेवटचा म्हातारा कुत्राही गेला, आणि ग्लेनिसला घर खायला उठलं. तिला मांडीवर बसणारं कुत्रं हवं होतं. एक दिवस ती गाडी घेऊन पलीकडच्या गावी डॉरी पॅस्को नावाच्या बाईकडे गेली आणि बुलडॉगचं पिल्लू घेऊन आली.

नेव्हनं ते उचलून सगळीकडून पाहिलं. घडी न घालता कपाटात कोंबलेल्या कोटासारखं त्याचं अंग होतं. तोंड मात्र कुणीतरी घाईघाईनं बंद केल्यासारखं दिसत होतं.

"हे मेंढी वळवणार?"

"हे काही वळवणार नाही. हे फक्त असणार," ग्लेनिस म्हणाली. "नाव पुडिंग."

"फाटकात उभा राहून मी 'पुडिंग, पुडिंग' म्हणून ओरडू? गावात राहायचंय मला!"

डॉरीनं पिल्लाबरोबर एक कळकट फडकं दिलं होतं आणि दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, हे फडकं त्याच्याजवळच ठेवा, त्याला घरचा वास आहे. दुसरी, त्यानं खाणं सोडलं तर हयगय नको. रविवारी दुपारी मी येईन. खात नसेल तर परत घेऊन जाईन. आमच्याकडचं प्रत्येक पिल्लू याच बोलीवर जातं.

"फडकं?" नेव्ह हसला. "लाड आहेत नुसते! बघ तू, संध्याकाळपर्यंत घरात रुळवतो की नाही!"

आणि ग्लेनिस बाजारात गेल्याबरोबर त्यानं स्वच्छतेपासून सुरुवात केली. ते घाणेरडं फडकं उचललं, आपल्या लॉन बोल्स खेळायच्या पांढऱ्या शुभ्र कपड्यांबरोबर धुलाई यंत्रात टाकलं आणि वर अर्धा पुडा पावडर ओतली. फडकं असं काही लख्ख निघालं, की तेव्हा कुठे कळलं, ते फडकं नव्हतंच. तो एक भलामोठा बनियन होता!

पुडिंगनं बनियन हुंगला, नेव्हकडे पाहिलं, बनियनकडे पाठ केली आणि गळा काढला.

त्यानंतर त्यानं पाणी तेवढं प्यायलं. खाणं मात्र बंद! ग्लेनिसनं खिमा शिजवून दिला, नाही. अंडं दिलं, नाही. डब्यातले मासे दिले, ते शेजारचं मांजर येऊन खाऊन गेलं. नेव्हनं कमावलेली शिट्टी वाजवली, तर पुडिंग कोचाखाली गेलं. शेवटी, पिल्लं मोठ्यांचं बघून शिकतात म्हणून, नेव्ह स्वतः चार पायांवर आला आणि बशीत तोंड घालून त्यानं दाखवलं.

"छान," ग्लेनिस म्हणाली. "तू जेवलास. आता पिल्लाचं बघ."

तिनं डॉरीला फोन लावला, बनियनचं कबूल केलं आणि आईचा वास असलेलं दुसरं काही मिळेल का, ते विचारलं. पलीकडून हसण्याचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"आईचा वास कसला! आई तर त्यांना पाजून जी पळायची, ती पळायचीच. अगं, तो माझ्या भावाचा बनियन. तोच माझ्याकडे येऊन दिवसभर पिल्लांच्या खोक्याजवळ आडवा पडलेला असायचा, आणि पिल्लं त्याच्या पोटावर. तुमच्याच गावात असतो की तो. केल्विन हॉस्किंग!"

ग्लेनिसनं फोन हळूच ठेवला. नेव्हचा चेहरा पुडिंगसारखा झाला होता.

आता केल्विन हॉस्किंगचं प्रकरण सांगायलाच हवं. गेल्या वर्षी क्लबात नेव्ह आणि केल्विनमध्ये लॉन बोल्सचा अंतिम सामना होता. खेळ साधा. हिरवळीवर जड चेंडू घरंगळत सोडायचा आणि छोट्या पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचा. नेव्हचा शेवटचा चेंडू राहिला होता. तो वाकला, हात मागे नेला, आणि नेमक्या त्या क्षणी केल्विनच्या खिशातला छोटा रेडिओ घोड्यांच्या शर्यतीचं वर्णन करत बोंबलला! नेव्हचा हात हलला आणि चेंडू थेट कडेच्या चरात. तेव्हापासून नेव्ह म्हणत होता, रेडिओनं चेंडू वळला. केल्विन म्हणत होता, रेडिओचा काही संबंध नाही, तुझा गुडघा वळला. दोघांचं बोलणं बंद. नेव्हनं घरातला रेडिओसुद्धा शेडमध्ये नेऊन टाकला होता. उन्हाळ्यात अख्खा देश क्रिकेट ऐकतो, पण नेव्ह स्कोअर शेजाऱ्याच्या आरडाओरड्यावरून ओळखायचा!

"जा आणि त्याच्याकडून एक बनियन मागून आण," ग्लेनिस म्हणाली.

"मी? केल्विनकडे? त्याच्या दारात उभा राहून म्हणू, बाबा रे, तुझा अंगातला बनियन दे? मेलो तरी नाही!"

ग्लेनिस वाद घालत बसली नाही. खिम्याची बशी घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसली. पुडिंगला मांडीवर घेऊन हळूच म्हणाली, "तुला आम्ही आवडलो नाही का रे? आवडायला वेळ लागला तरी चालेल. पण थोडं खा. नाहीतर नेतील तुला."

नेव्हला ते ऐकवलं नाही. बायको रागावली तर त्याला चालायचं, सवय होती. पण ती अशी हळू आवाजात बोलायला लागली, की त्याला घरात बसवत नसे. तो उठला आणि गाडीच्या किल्ल्या घेऊन निघाला. मागायचं नाही, हे नक्की होतं. चोरायला मात्र त्याची हरकत नव्हती!

केल्विनच्या परसात दोरीवर बनियन वाळत होते. नेव्हनं कुंपणावरून हात घालून एक ओढला आणि बाण सुटल्यासारखा घरी आला.

ग्लेनिसनं बनियन नाकाला लावला. "हा धुतलेला आहे, नेव्ह."

"मग?"

"दोरीवर वाळत घातलेला कपडा धुतलेलाच असतो! आपल्याला न धुतलेला हवाय."

म्हणजे आता चोरीतही निवड करायची! बनियन पुन्हा दोरीवर टाकून यावा लागला. आणताना कुणी पाहिलं नव्हतं, ठेवताना केल्विनच्या कुत्रीनं पाहिलं आणि नेव्हच्या विजारीचा एक तुकडा पावती म्हणून ठेवून घेतला.

शनिवारी क्लबात खेळ होता. खेळून घामाघूम झालेला केल्विन आंघोळीला गेला आणि नेव्ह कपडे बदलायच्या खोलीत शिरला. केल्विनची पिशवी बाकावर उघडीच होती. आत दोन बनियन! एक घालून काढलेला, एक घालायचा. दोन्ही सारखेच चुरगळलेले. ओळखायचा उपाय एकच होता. नेव्हनं डोळे मिटले, मन घट्ट केलं आणि पहिल्या बनियनमध्ये नाक खुपसलं.

हाच होता! नेव्हच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"नेव्ह?"

दारात क्लबाचा बार सांभाळणारा लायनेल उभा होता. लायनेलला एखादी गोष्ट सांगितली, की गावात वेगळी दवंडी पिटावी लागत नसे. त्याला काय दिसलं? केल्विन हॉस्किंगचा बनियन उराशी धरून डोळ्यांत पाणी आणलेला नेव्ह ट्रँटर!

खरं सांगावं, तर चोरी. खोटं सुचेना. नेव्हच्या तोंडून निघालं, "आठवण आली."

लायनेलनं डोक्यावरची टोपी काढली. "अरे माझ्या राजा! एवढं मनात होतं, तर बोलायचं नाही का? ने तो बनियन. ठेव तुझ्याकडे. मी कुणाला म्हणजे कुणाला सांगणार नाही!"

नेव्ह घरी पोचेपर्यंत पेट्रोल पंपावरच्या पोरीनं त्याच्याकडे बघून मायेनं मान डोलावली होती.

घरी बनियन पुडिंगपुढे टाकला. ते उठलं, हुंगलं, त्यावर गोल फिरून बसलं. ग्लेनिसनं श्वास रोखला. नेव्हनं बशी पुढे सरकवली. पुडिंगनं बशीकडे पाहिलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, जणू कुणी यायचं राहिलंय. आणि पुन्हा गळा काढला.

"नुसता बनियन पुरत नाही," ग्लेनिस खचून म्हणाली. "आत माणूस लागतो."

रविवार उजाडला. डॉरी दुपारी येणार होती. ग्लेनिसनं पिल्लाचं छोटं अंथरूण झटकून, घडी करून दाराशी ठेवलं आणि पाठमोरी उभी राहून उगाचच ओटा पुसत राहिली. स्वच्छ ओटा! नेव्हनं मान खाली घातली. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, आता धरायचेच, असं ठरवून त्यानं बूट घातले. तेवढ्यात दार वाजलं.

दारात साक्षात केल्विन! हातात लॅमिंग्टन केकचं ताट, डोळे लाल, आणि शर्टाच्या खिशात तो चांडाळ रेडिओ बारीक आवाजात घोडे पळवतोय.

"लायनेलनं सगळं सांगितलं," केल्विन म्हणाला. "तू म्हणे माझा बनियन… नेव्ह, लेका, मला कल्पनाच नव्हती! मला वाटायचं, तू नुसता खडूस आहेस."

नेव्ह खरं काय ते सांगणार, एवढ्यात त्याच्या पायांमधून काहीतरी गोळीसारखं सुटलं. पुडिंग! केल्विनच्या पायांवर चढलं, लोळलं, त्याच्याभोवती तीनदा फिरलं आणि धावत जाऊन बशीत तोंड खुपसून खायला लागलं. मचमच, मचमच! ग्लेनिस ओटा सोडून जमिनीवर बसली आणि तिनं तोंडावर हात दाबून धरला. बोललं तर मोडेल, अशी भीती तिला वाटत असावी.

"आत ये ना," नेव्ह म्हणाला. दात आवळलेले होते, पण म्हणाला.

"येतो. पण आधी ते मिटवू या." केल्विन उंबऱ्यातच थांबला. "फार काही नको. रेडिओचा काही संबंध नव्हता, एवढं म्हण."

"काय?"

"चेंडू तुझ्या गुडघ्यामुळे वळला. रेडिओचा काही संबंध नव्हता. नसेल म्हणायचं, तर मी जातो बापडा." आणि तो वळून पायरी उतरला. पुडिंगचं चावणं थांबलं. त्यानं मान वर केली आणि ओठ लोंबकळवला.

नेव्हनं ग्लेनिसकडे पाहिलं. ती काही म्हणत नव्हती. म्हणाली असती, तर त्यानं भांडून वेळ काढला असता!

"नव्हता," नेव्ह पुटपुटला.

"कशाचा? या कानानं कमी ऐकू येतं मला."

"रेडिओचा काही संबंध नव्हता!"

"आणखी एकदा. डॉरीची गाडी आलीय, तिलाही ऐकू दे."

"रेडिओचा! काही! संबंध! नव्हता!" नेव्ह असा गरजला, की समोरच्या झाडावरचे पोपट उडाले. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात. इथे पीळही गेला. केल्विन पायरी चढून परत आत आला आणि पुडिंगची मचमच पुन्हा सुरू झाली.

डॉरी आत आली, पुसून काढल्यासारखी रिकामी बशी पाहिली आणि खूश झाली. "रुळलं की घरात! मग मी कशाला नेऊ?" ग्लेनिस पिल्लाला उराशी धरून चक्क रडली. नेव्हला वाटलं, गेला तो मान गेला, पण सौदा काही वाईट नाही झाला.

"चला," केल्विन प्रसन्नपणे खुर्चीत बसला. नेव्हच्याच खुर्चीत! "आता निवांत बोलू." आणि त्यानं खिशातला रेडिओ बंद केला.

लॅमिंग्टन चाटणारं पुडिंग थबकलं. केल्विन समोर बसलेला होता, अंगात बनियन होता, बनियनात घाम होता. तरी पुडिंगनं गळा काढला.

केल्विननं रेडिओ लावला. पुडिंग खायला लागलं. बंद केला. गळा! लावला. मचमच!

"अगं बाई!" डॉरीनं कपाळावर हात मारला. "हा मेला खोक्याशेजारी रेडिओ लावून दिवसभर घोरायचा ना! पिल्लांनी जन्मल्यापासून घोड्यांच्या शर्यतीच ऐकल्यात!"

"म्हणजे बनियनचा…" नेव्ह ताडकन उभा राहिला.

"काही संबंध नव्हता," केल्विन म्हणाला.

"मग मी बोललो ते परत घेतो!"

"कसं घेशील? डॉरी साक्षीदार आहे. आणि झाडावरचे पोपट."

त्या दिवशी शेडमधला रेडिओ घरात परत आला. पुडिंग रुळलं, फुगलं, नेव्हच्या पायावर डोकं ठेवून झोपायला लागलं. आता ते बाहेर जाताना बरोबर असायचं, म्हणून नेव्हच्याही खिशात एक छोटा रेडिओ आला. लायनेल ज्याला त्याला सांगायचा, बघा, एकाचं बघून दुसऱ्यानंही घेतला!

पुढच्या अंतिम सामन्याला पुन्हा तेच दोघं समोरासमोर. या वेळी नेव्ह पुढे होता, आणि केल्विनचा शेवटचा चेंडू राहिला होता. पुडिंग कडेला बशी घेऊन बसलेलं. केल्विन वाकला, हात मागे नेला… आणि नेव्हचं बोट, अगदी सहज हं, खिशातल्या बटणावर गेलं. घोडे असे उधळले, की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं चहा सांडला!

केल्विनचा हात हलला. चेंडू भलत्याच बाजूला सुटला. नेव्हला आनंदानं नाचावंसं वाटलं. इतके दिवस तो घसा फोडून सांगत होता, रेडिओनं चेंडू वळतो! आणि अख्ख्या गावासमोर चेंडू वळला. वळला, वळत राहिला, आणि वळत वळत जाऊन छोट्या पांढऱ्या चेंडूला अलगद चिकटून उभा राहिला.

क्लबात टाळ्यांचा कडकडाट झाला. चेंडू रेडिओनं वळला, अशी तक्रार करायला नेव्हनं तोंड उघडलं आणि मिटलं. रेडिओचा काही संबंध नसतो, हे त्यानंच तर ओरडून कबूल केलं होतं!

पुडिंग तेवढं बशी चाटत होतं. शर्यत फारच रंगात आली होती.