आपोआप जोडणी

माणसाचा वेळ वाचावा म्हणूनच यंत्रं जन्माला येतात, याबद्दल आमच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात दुमत नाही. (दुमत नोंदवायचे छापील अर्ज सध्या संपले आहेत.)

आमचा संगणक चौदा वर्षांचा. रोज सकाळी त्याला वायफायची नव्याने ओळख करून द्यावी लागे. पासवर्ड सतरा अक्षरी. तो टाकायला सरासरी चोवीस मिनिटं लागत. त्यातली बावीस, तो कुणाकडे आहे हे शोधण्यात. शेवटी मोठ्या बाईंनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने ‘आपोआप जोडा’ या चौकटीत खूण केली, “आता कुणी हात लावायचा नाही,” असं बजावलं आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पोचण्याआधीच वायफाय जोडलेलं! असे सात महिने गेले. मोठ्या बाईंनी वर अहवाल धाडला. वरून अभिनंदनाचं पत्र आलं, त्याला आम्ही फ्रेम केली.

मग एका सोमवारी जोडणी झालीच नाही. नेमके त्याच दिवशी एक निवृत्त मास्तर आले. आमच्या नोंदीत ते दोन वर्षांपूर्वी वारले होते.

“एवढं दुरुस्त करा हो,” मास्तर म्हणाले.

“नेट नाही. थांबावं लागेल,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“म्हणजे तोवर मी...?”

“तोवर आहात तसेच राहा.”

दुरुस्तीवाला आला. खूण जागच्या जागी होती. त्याने ती आणखी ठळक करता येते का ते पाहिलं. मास्तर चार दिवस बाकावर बसून राहिले. (मृतांसाठी बसायची वेगळी सोय नाही.)

शुक्रवारी झाडलोट करणाऱ्या मावशी लेकीचं बाळंतपण उरकून कामावर आल्या. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, पदराला हात पुसले आणि एकेक करत सतरा अक्षरं दाबली. वायफाय जोडलं गेलं.

“रोज तुम्ही करत होतात?” मोठ्या बाई ओरडल्याच.

“मग कोण? त्या खुणेनं काही होईना. म्हटलं, तुमचा खोळंबा नको.”

“आणि पासवर्ड?”

“संगणकाच्या पाठीवर चिकटवलाय की. पुसताना दिसतो.”

रीतसर चौकशी झाली. मनाई असताना यंत्राला हात लावल्याबद्दल मावशींना लेखी ताकीद द्यायचं ठरलं. ती मात्र अडून राहिली, कारण वर लिहायला त्यांचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. ते विचारलं मास्तरांनी, जिवंत झाल्याबरोबर, आभार मानायला.

हसलात ना? तुमच्या घरी प्यायचं पाणी आपोआप भरलेलं असतं, कपड्यांच्या घड्या आपोआप कपाटात जातात. ही सोय तुम्ही कधी बसवून घेतलीत, आठवतंय?