उंडीला बांधलेला वारा

"माझ्या शिवणातला काळा दोरा कुठे गेला?" कृष्णाबाईंनी विचारले.

"कलेच्या कामी आला," दत्तोपंत बायकोला म्हणाले.

रेवदंड्याच्या शाळेत शास्त्र शिकवणारे दत्तोपंत गद्रे जगात दोनच गोष्टी मानीत: प्रयोग आणि स्वतःचे मत. १९३४ सालच्या आश्विनात त्यांनी किनाऱ्यावरच्या उंडीच्या झाडाच्या एका फांदीचा फोटो काढून जाड कागदावर त्याची कलात्मक प्रत करण्याचे मनावर घेतले. ती परवाच्या बोटीने मुंबईच्या प्रदर्शनाला जायची होती. 'फोटो म्हणजे यंत्राची हमाली' म्हणणाऱ्या ड्रॉइंग मास्तरांना 'बक्षीस आणून दाखवतो' असे ते भर वाचनालयात बजावून बसले होते. आता माघार घेणे म्हणजे गाव सोडणे.

अडचण वाऱ्याची होती. उंडीच्या तकतकीत पानांवर हवा तसा तिरपा उजेड संध्याकाळीच पडे, आणि समुद्रावरचा वाराही त्याच वेळी अंगात आल्यासारखा वाही. भिंगाचे झाकण काढून पाच अंक मोजावे लागत. तेवढ्यात पाने अशी हलत की फोटोच्या काचेवर पानांऐवजी पिठले उमटे. दत्तोपंतांनी शास्त्रीय तोड काढली. फांदीमागे बांबूच्या कामट्या लावून एकेक पान त्यांना काळ्या दोऱ्याने जखडायचे. सावलीत काळा दोरा दिसायचा नाही.

ते गाठी मारत असताना टोपली घेऊन चाललेली नीराबाई कोळीण थबकली.

"काय बांधताय, मास्तर?"

"वारा," दत्तोपंत मान न वळवता म्हणाले. अडाण्यांशी थोडक्यात बोलावे, असा त्यांचा नियम होता.

योगायोग असा, की त्या संध्याकाळी वारा खरोखरच पडला. पान हलेना. दत्तोपंतांनी काळ्या फडक्याखालून डोके बाहेर काढले, झाकण उचलले आणि ते पुटपुटत मोजू लागले. तिनाच्या आकड्यावर भिंगासमोर नीराबाई येऊन उभी राहिली. मागे कोळीवाड्यातल्या चार जणी.

"मास्तर, वारा सोडा!"

"बाजूला हो! मी काय वारा मुठीत धरलाय?"

"तुमीच बोललात ना, वारा बांधतो म्हनून? माझा पोरगा नामा होडीसकट खाडीच्या तोंडाशी अडकलाय. शिडात फुंकर न्हाय. म्हावरं नासलं तर काय तुमी खानार?"

"अगं, हे अज्ञान आहे! जमीन आणि पाणी यांच्या तापमानातला फरक—"

"त्यो मागनं सांगा. आधी सोडा."

आणि कमरेची कोयती उपसून तिने दोरे सपासप कापले.

थोड्याच वेळात वारा सुटला. हा निव्वळ योगायोग कसा, हे दत्तोपंत रिकाम्या किनाऱ्याला पटवून देत राहिले; बायका होड्यांकडे धावल्या होत्या. काच धुतली तेव्हा तिच्यावर नीराबाई निघाली, तीही हललेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजी तांडेल नारळ घेऊन दारात हजर.

"मुरूडला होडी न्यायचीय, मास्तर. वारा पाठीकडून सोडाल काय?"

दत्तोपंतांनी त्याला कार्यकारणभावावर सविस्तर व्याख्यान दिले. गुणाजीने ते मंत्रासारखे हात जोडून ऐकले आणि समाधानाने निघून गेला. नारळ कृष्णाबाईंनी ठेवून घेतला.

"विद्यादानाने इतक्या वर्षांत घरात कधी नारळ आला नव्हता हो," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी दत्तोपंतांकडे एकच काच उरली होती. बोट उद्या सकाळची. त्यांनी सगळी पाने पुन्हा जखडली. पण आता कामट्यांसकट अख्खी फांदीच झुलू लागली. उजेड पानांवरून खाली सरकत होता. ड्रॉइंग मास्तरांचा हसरा चेहरा डोळ्यांपुढे येत होता.

दत्तोपंतांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हते. खिशात उरलेला दोरा त्यांनी सगळाच बाहेर काढला, खोडाभोवती फिरवला आणि डोळे मिटून त्याला गाठ मारली. "केवळ प्रयोग म्हणून," ते स्वतःशी म्हणाले. त्या दोऱ्यात एकही पान नव्हते.

"मास्तर," मागून नीराबाईचा आवाज आला, "गाठ जरा सैल मारा. माझा नामा अजून भाईर हाय."